पाच सावधान, चार तुकडे

मी जितकी लग्नं पाहिली तितकी एखाद्या गुरुजींनी लावलीही नसतील, आणि त्यातल्या एकाही लग्नात मी जेवले नाही. कारण मी लग्नाला जायचेच नाही. लग्न माझ्याकडे यायचं, आठ-दहा दिवसांनी, कॅरीबॅगेत, टेपच्या रूपात. नवी पेठेतल्या एका गाळ्याच्या मागच्या खोलीत बसून मी लग्नाची फिल्म जोडायची. नवरी रडली की मला कळायचं, नवऱ्याचा बूट चावत असला तरी कळायचं, आणि पंगतीत कोणत्या काकांनी किती जिलब्या हाणल्या तेही कळायचं. पुढे कधी ते काका रस्त्यात दिसले की मला उगाच ओळखीचं हसू यायचं. ते बिचारे गोंधळायचे.

लोकांना वाटतं, एडिटिंग म्हणजे नको ते कापायचं काम. कापणं सोपं असतं, अवघड असतं ते जुळवणं. लग्नात दोन कॅमेरे असतात. एक नवरीच्या बाजूला उभा राहून नवऱ्याचा चेहरा टिपतो, दुसरा नवऱ्याच्या बाजूने नवरीचा. मध्ये अंतरपाट. नवरा-नवरीला एकमेकांचं तोंड दिसत नाही, पण मला दोघांची दिसतात. मात्र दोन्ही कॅमेरे एकाच क्षणी सुरू होत नाहीत, एकाच क्षणी थांबतही नाहीत. म्हणून आधी दोन्हींची वेळ एकमेकांवर बसवावी लागते. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. दोन चित्रांचा फरक कुणाला समजत नाही. चार-पाचांचा झाला की माणसाला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं. ताशावर काडी आधी पडते आणि आवाज मागून येतो.

यावर एक सोपा उपाय होता. सुरुवातीला दोन्ही कॅमेरे चालू करायचे आणि समोर उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवायची. मग मी दोन्हीकडची टाळी शोधून एकावर एक ठेवली की काम झालं. आमचा शूटिंगवाला शफी. माणूस देवमाणूस, हात सोन्याचा, पण टाळीचं त्याला वावडं. मी विचारलं की म्हणायचा, "टाली मारा था ना दीदी. कैमरा च चालू नै था."

शिवाय टेप वाचवायची सवय. प्रत्येक मंगलाष्टक पूर्ण घ्यायचंच नाही. 'सावधान' जवळ आलं की कॅमेरा चालू, अक्षता पडल्या की बंद. म्हणजे माझ्याकडे येणार नुसते तुकडे. ते मी ताशाच्या आवाजावर, अक्षतांच्या पावसावर, कुणाच्या तरी पडलेल्या टोपीवर जुळवायची. वडील यंत्रमागावर होते. आमच्या घरी तेलुगू, वडिलांना आम्ही नान्ना म्हणायचो. माझं काम बघून ते म्हणाले होते, "हे आमचंच काम की. फक्त एक लक्षात ठेव, एक तार चुकली की तिथंच थांबत नाही, चादरभर चुकत जाते." मी हसले होते. सोलापुरात राहून चादरीचा दाखला न देणारा बाप मिळणं अवघडच.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका नवऱ्याच्या काकांनी रिसेप्शनला गाणं म्हटलं होतं. कॅसेट घरी नेली आणि चौथ्या दिवशी परत हजर. "बाई, मी बेसूर न्हाय. तुमची मशीन बेसूर हाय. माझं ओठ म्होरं पळत्यात आन् गाणं मागनं येतंय." खरंच सहा चित्रांचा फरक राहिला होता. मी तो काढला, त्यांना समोर बसवून दाखवलं. ओठ आणि आवाज अगदी गळ्यात गळा घालून चालले. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "पहिलीच बरी हुती वो." ओठ जुळवणं माझं काम, सूर जुळवणं नव्हे. पण तक्रार घेऊन आलेला माणूस खरा निघाला की मी मान्य करायची, असा माझा लौकिक होता. निदान माझा तसा समज होता.

तो समज ज्या लग्नानं मोडला, ते वैशालीचं लग्न. त्याला आता वीस वर्षं झाली.

वैशालीचे आई-वडील शहराच्या जुळे सोलापूर भागात राहणारे, वडील नोकरदार. आई कमलकाकूंचं माहेर मोडनिंबचं, शेतकरी घर. काकूंना एकच भाऊ, थोरला, बबनमामा. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं, ही आपल्याकडची रीत. दुसरीही एक रीत काही घरांत पाळतात, ती काकूंच्या घरात होती. मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नाहीत. बाहेर मंगलाष्टकं चालू असताना तिनं आत तुळशीपाशी बसायचं. म्हणजे आपल्या लेकीचं लग्न लागताना आईला दिसतं ते फक्त नंतर, फिल्ममध्ये. माझ्या फिल्ममध्ये.

त्या लग्नात मंगलाष्टकं पाच झाली. पहिली दोन गुरुजींची, मग एका मावशीचं, चौथं वैशालीच्या आत्यानं स्वतः रचलेलं, घरातल्या सगळ्यांची नावं गुंफलेलं, आणि शेवटचं पुन्हा गुरुजींचं. नवऱ्यावरचा कॅमेरा स्टँडवर होता, तो सलग चालला. त्यात पाचही 'सावधान' होते. नवरीवरचा कॅमेरा शफीच्या खांद्यावर होता. त्याच्या टेपवर तुकडे होते चार.

पाच सावधान आणि चार तुकडे. म्हणजे एक राहिलेला. कुठला?

मी शफीला विचारलं नाही. शफीला ओळखत होते ना मी! तो नेहमीप्रमाणे उशिरा पोचला असणार, पहिलं मंगलाष्टक त्याचं हुकलं असणार, हे मी गृहीतच धरलं. नवरीवरच्या कॅमेऱ्यामागेच ताशेवाले, त्यामुळे त्याचा आवाज पार फाटलेला. कोण कुठलं मंगलाष्टक म्हणतंय ते त्यावरून कळेना. त्यात आमचा एक नेम होता. पहिल्या दोन मंगलाष्टकांचा मूळ आवाज ठेवायचा आणि नातेवाइकांचे गळे सुरू झाले की आवाज बंद करून शेवटपर्यंत सनई चढवायची. गिऱ्हाइकंही खूश असायची. तशी मी पुढच्या आवाजाची पट्टी न ऐकताच बंद केली आणि चारही तुकडे नुसत्या डोळ्यांनी, अक्षता बघत, दोन ते पाच या जागी बसवून टाकले.

शेवटच्या जागी बसलेला तुकडा फार सुंदर होता. वैशालीची मान खाली, मुंडावळ्या हलतायत, गालावर पाणी, वरून अक्षता पडतायत. मागे कळस धरलेली करवली. आणि करवलीशेजारची जागा रिकामी. मला ती रिकामी जागा खुपली नाही. उलट चित्र मोकळं वाटलं. मी तो तुकडा स्लो मोशन केला. तीन सेकंदांचा क्षण चांगला बारा सेकंद ताणला आणि वर सनई सोडली. माझ्यावर मीच खूश होते.

त्या बारा सेकंदांत काकूंना काय दिसलं? पोरीला पाठीशी घालायला उभा केलेला सख्खा भाऊ शेवटच्या अक्षतांना जागेवर नाही.

आधीच लग्नात फेट्यावरून कुरबुर झाली होती. मानाचा पहिला फेटा नवऱ्याच्या चुलत्यांना बांधला, मामा मागे राहिले. लोक कुजबुजत होतेच, मामा रुसून मधेच उठून गेला म्हणून. काकूंनी आधी ते कानाआड केलं होतं. फिल्मची सीडी बघितली आणि मग त्यांचा धीर सुटला.

दोन महिन्यांनी, भर लग्नसराईत, दुपारी बबनमामा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. पांढरी टोपी, हातात पिशवी. त्यांनी स्वतःची ओळख सांगितली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, त्या शीडीत कायतरी घोळ झालाय."

"कसला घोळ?"

"शेवटच्या अक्षतंला मी न्हाय त्यात. मी हुतो की! पोरगी सकाळधरनं उपाशी. चौथं चाललं तवा तिला घाम फुटला, पाय लटपटाया लागलं. पाणी आणाया गेलो आन् पाचव्याला परत येऊन उभा र्‍हायलो. माझ्याच हातानं पाजलं तिला."

"मग वैशालीला विचारा ना."

"इचारलं. ती म्हणती, पाणी कुणीतरी दिलं, पर मान वर करायची सोय न्हवती, कुणाचा हात हुता ते दिसलं न्हाय. करवलीनं दिलं आसंल म्हणती."

"त्या वेळी कोणी बघितलं असेल. गुरुजी, अंतरपाट धरणारे..."

मामा माझ्याकडे बघत राहिले. "सख्ख्या भनीम्होरं साक्षीदार उभं करू व्हय?"

बाहेर तीन गिऱ्हाइकं बसली होती, मशीन मधूनच अडकत होतं. मी म्हणाले, "मामा, कॅमेरा खोटं बोलत नाही."

"कॅमेरा न्हाय वो बोलत," मामा शांतपणे म्हणाले. "पर त्याला बोलतं तुमी करता न्हवं?"

मला त्याचा राग आला. माझ्या कामात खोट काढतो म्हणजे काय! मी चहा विचारला, तो त्यांनी नको म्हटला. जाताना दारातून एवढंच बोलले, "कमल म्हणाली, मोडनिंबचं पाणी पिणार न्हाय आता. लई लागलं ते मनाला. म्हून आलो."

मी टेप काढून बघायला किती वेळ लागला असता? एक तास. फार तर दीड. गाण्याच्या काकांसाठी मी सहा चित्रं शोधली होती आणि या माणसासाठी एक मंगलाष्टक शोधलं नाही. काकांच्या तक्रारीत माझ्या मशीनची चूक होती, मामांच्या तक्रारीत माझी. फरक तेवढाच होता, हे आज लिहिताना मला लाज वाटते.

पुढे दिवस बदलले. टेप गेल्या, कार्डं आली. शफीनं ड्रोन घेतला आणि एकदा तो मंडपाच्या झालरीत अडकवला. मग जो तो मोबाइलवरच फिल्म करू लागला. गाळा सोडला. आता मी घरीच बसून लोकांच्या जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून देते. टेपला बुरशी धरते, म्हणून लोक घाईनं आणतात. त्या जुन्या टेपमध्ये शहरही असतं. वरातीच्या मागे दिसणारी, आता नसलेली दुकानं, गिरणीचा भोंगा, हातात कॅरीबॅग घेऊन उगाच कॅमेऱ्यात बघणारी माणसं. नान्ना एका वरातीत सायकल धरून बाजूला उभे राहिलेले सापडले. ते चित्र मी थांबवून किती वेळ बघत बसले कोण जाणे.

गेल्या उन्हाळ्यात वैशाली आली. चाळिशीची बाई झालेली, पण खाली घातलेल्या मानेवरूनच मी तिला ओळखलं. लग्नाच्या वीस वर्षांनिमित्त नवी फिल्म करून हवी होती. काकूंनी मूळ टेपही जपून ठेवलेल्या. मी सहज विचारलं, "मामा कसे आहेत?"

"असतील," ती म्हणाली. "आमचं जाणं-येणं नाही. आजी गेली तेव्हा आई गेली होती मोडनिंबला. दिवसभर बसली आणि पाण्याचा थेंब न घेता संध्याकाळी परत आली. मे महिना होता, ताई."

ती गेल्यावर मी टेप उतरवल्या. आता तुकडे जुळवायला टाळी लागत नाही. सॉफ्टवेअर दोन्हीकडचे आवाज ताडून पाहतं आणि जो तो तुकडा आपोआप जागेवर जाऊन बसतो. मी बटण दाबलं. नवरीचे चार तुकडे सरकले आणि बसले ते एक ते चार या जागी. पाचवी जागा रिकामी.

म्हटलं, याला काय कळतंय लग्नातलं! ताशाच्या गोंगाटात चुकलं असेल. मी चारही तुकडे हातानं ओढून माझ्या जुन्या जागी ठेवले. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा ते मागे गेले. दोनदा, तीनदा. त्या यंत्राला माझ्यासारखा मान-अपमान नव्हता, ते आपलं सांगत राहिलं.

मग मी कानाला हेडफोन लावले. चौथ्या तुकड्यात, फाटलेल्या ताशाखाली, पुन्हा पुन्हा ऐकल्यावर एका बाईचा चिरका आवाज लागला. आत्या! शेवटच्या मंगलाष्टकाच्या जागी मी जो तुकडा ताणून ताणून दाखवला होता, तो चौथ्याचा होता. शफी वेळेवर आला होता. बिचारा आयुष्यात एकदा वेळेवर आला आणि शेवटच्या मंगलाष्टकाला त्याची बॅटरी संपली.

मी दुसरी टेप लावली, स्टँडवरची. तो कॅमेरा नवरीच्या बाजूला होता, म्हणजे त्याचा माइक तिच्यापासून चार हातांवर. त्याचा शेवटचा आवाज मी तेव्हा न ऐकताच बंद केला होता. गुरुजींचं पाचवं मंगलाष्टक सुरू झालं. ते मध्यावर आलं आणि त्याच्याखाली, अगदी जवळून, दबक्या आवाजात कुणीतरी बोललं.

"बाय, घोटभर घे. घाबरू नगं. मी हाय की मागं."

आणि चित्राच्या कडेला क्षणभर एक हात येऊन गेला, त्यात स्टीलचा पेला.

तो आवाज मी ओळखला. माझ्या दारात उभा राहिलेला आवाज. वीस वर्षं तो माझ्या सनईखाली दबून होता. मी हेडफोन काढले आणि रडले. शफीला फोन केला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दीदी, मेरे कू एक बार पूछना था ना." एवढंच. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी नवी फिल्म जोडली. तुकडे खऱ्या जागी ठेवले. सनई काढली. पाचव्या मंगलाष्टकाला नवरीचं चित्र नव्हतंच. अशी भोकं आम्ही बुजवतो, कधी फुलांच्या माळेनं, कधी गणपतीच्या फोटोनं. तीस वर्षांत मी एकही भोक उघडं ठेवलं नव्हतं. या वेळी ठेवलं. नवऱ्याचं चित्र लावता आलं असतं, पण चित्र असलं की लोक बघतात, ऐकत नाहीत. तेवढा वेळ नुसता काळा पडदा आणि मूळ आवाज, आणि अंतरपाट खाली आला की मग पुन्हा चित्र.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन रिक्षानं जुळे सोलापुरात गेले. कमलकाकू आता थकल्यात. वैशालीही आली होती. मी आधी चूक सांगितली, कुठलीही सारवासारव न करता. मग काकूंच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी एकदा ऐकलं. बोटानं खूण केली, परत. पुन्हा ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ त्यांची वायर सरळ करत राहिल्या.

"मी आत तुळशीपाशी हुते," त्या म्हणाल्या. "मला काय दिसणार? तुमी दाखवलं ते बघितलं."

मी म्हटलं, "माझं चुकलं, काकू."

"तुमचं चुकलं, खरं हाय. पर तुमचा तो कोण हुता? माझा भाऊ हुता. त्यो सांगत हुता आन् मी शीडी बघत बसले." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "वैशाली, गाडी काढ."

मोडनिंबला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बबनमामा अंगणात बाजेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, टोपी तशीच पांढरी. बहिणीला बघून उठायला गेले, पण काठी सापडेना. मीच पुढे झाले आणि सगळं सांगितलं. हात जोडले. मामांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं.

"वीस वरसं लागली व्हय तुमच्या मशीनला?"

"मशीनला नाही, मामा. मला लागली."

"आसू द्या," म्हणाले. "सापडलं न्हवं?"

मामींनी आतून खुर्ची आणली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला. सगळे भोवती बसले. फिल्म पुढे सरकली. आत्याचं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या, वैशालीमागची जागा रिकामी दिसली. काकूंनी डोळे मिटून घेतले. मग पडदा काळा झाला.

"बंद पडलं काय?" मामी म्हणाल्या.

गुरुजींचा आवाज येत राहिला, आणि त्याखालून मामांचा, वीस वर्षांपूर्वीचा, अजून दात शाबूत असलेला. घोटभर घे. मी हाय की मागं. मामांनी चमकून स्वतःच्याच आवाजाकडे बघितलं. मग वैशालीला म्हणाले, "पेला आर्धाच पिलीस तवा. आर्धा तसाच र्‍हायला हुता." वैशालीनं ओढणी तोंडात कोंबली.

काकू अजून डोळे मिटूनच होत्या. तशाच म्हणाल्या, "दादा, पाणी दे की."

मामी उठायला लागल्या. मामांनी हातानं त्यांना बसवलं. काठी शोधली, उठले, सावकाश आत गेले. माठाचं झाकण वाजलं. भरलेला पेला सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत ते परत आले आणि बहिणीच्या मागे येऊन उभे राहिले. काकूंनी खांद्यावरून हात मागे केला, पेला घेतला आणि एका दमात सगळं पाणी प्यायल्या.

मी फिल्म थांबवायची विसरले होते. अंतरपाट खाली आला होता, ताशे वाजत होते, खुर्चीवरच्या लॅपटॉपमध्ये अक्षता पडत होत्या. बघत मात्र कुणीच नव्हतं.